आधी शाळेचं मीटर जोडा, मग सोलरची फीत कापा

मा. संपादक साहेब, नमस्कार.

शाळांच्या छतावर सोलर बसवायच्या गोष्टी आजकाल जिकडेतिकडे चालू आहेत म्हणून लिहून राहिलो. माझा विरोध नाही बाप्पा, नागपुरात ऊन सोडून आपल्याकडे फुकट आहे तरी काय, आणि कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांची राख आपणच खातो न. पण माझी पोरगी ज्या शाळेत जाते (नाव लिहीत नाही, उगाच मास्तरांवर येईल) तिथं काय झालं ते सांगतो.

दोन वर्षांआधी कोण्या कंपनीच्या सीएसआरमधून (म्हणजे सामाजिक कामाच्या पैशातून) 3 किलोवॅटचं सोलर बसलं. फीत कापली, फोटो झाले, पोरांना बुंदी भेटली. नेट मीटरचे (लाइनमधून घेतलेली अन् लाइनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) कागद मात्र कुठंतरी अडकले ते अडकलेच, आणि जुनी थकबाकी होतीच, त्यामुळे एक दिवस कनेक्शन कापलं गेलं. आम्ही पालक म्हटलं काय फरक पडते, वर सोलर आहे न. दुसऱ्या दिवशी पाहतो तर बाहेर लख्ख ऊन, वर पॅनल चकाचक आणि खाली वर्गात सगळे पंखे बंद! इलेक्ट्रिशियनला बोलावलं तर तो हसलाच, म्हणे काका हे ऑनग्रिड आहे, बाहेरची लाइन असली तरच इन्व्हर्टर चालते नाहीतर आपोआप बंद पडते, कारण लाइनमन खांबावर चढला असला अन् तुमच्या छतावरून तारेत करंट गेला तर तो बिचारा जाईल. म्हणजे लाइट गेली की सोलरही गेलं. हे फीत कापायच्या दिवशी कोणी सांगितलं नाही. (बॅटरीवालं लावलं तर चालते, पण बॅटरीचा खर्च कोण करते.)

खरं तर नेट मीटर असलं की शाळेइतकं फायद्याचं गिऱ्हाईक दुसरं नाही. 1 किलोवॅट दिवसाला साधारण 4 युनिट पकडा, म्हणजे 3 किलोवॅटचे 12. मे महिन्यात शाळा बंद, आपल्या विदर्भात तर जूनच्या शेवटापर्यंत बंद, तेवढे सगळे युनिट ग्रिडला जातात आणि शाळेच्या नावावर जमा होतात. हिशोब मार्चअखेर मिटते, त्यामुळे उन्हाळ्यात जमलेले युनिट पावसाळ्यात ढग असताना आरामात वापरता येतात. नेट मीटर नसल्यानं आमच्या शाळेचे दोन उन्हाळे मात्र असेच वाया गेले.

दुसरं म्हणजे पंखे. आमच्याकडे 8 वर्गात 32 पंखे, सगळे जुने, एकेक 75 वॅटचा. 6 तास चालले की 14 युनिटच्या वर, म्हणजे सोलरचे 12 तर पंख्यातच संपले आणि चोकवाल्या ट्यूबलाइटा अजून बाकीच आहेत. तेच बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे लावले तर 30 वॅटमध्ये काम होते, दिवसाला 6 युनिटही लागत नाही. पण पंखा बदलला तर पेपरात फोटो येत नाही न, म्हणून कोणी देत नाही. घरावर 3 किलोवॅट लावलं तर केंद्राच्या सूर्यघर योजनेत 78 हजार सबसिडी भेटते, ती शाळेला नाही, शाळेनं दाता शोधत फिरायचं.

आणि ऊन जास्त म्हणजे वीज जास्त असंही नसते राजेहो. पॅनल 25 डिग्रीच्या वर जितकं तापलं तितकी दर डिग्रीला 0.3-0.4 टक्के वीज कमी होते, नवतपात (मे अखेरच्या कडक उन्हात) तर त्याच्यावर हात ठेववत नाही. त्यात आपल्या रस्त्यांची धूळ. पंधरा दिवसांतून एकदा तरी सकाळी सकाळी पाण्यानं पुसावं लागते, दुपारी नाही, तापलेल्या काचेवर थंड पाणी पडलं तर ती तडकू शकते. हे करणार कोण? शाळेत चपराशी नाही, छतावर नळ नाही, शिडी शेजारच्या किराणावाल्याची.

म्हणून जे कोणी शाळांना सोलर देऊन राहिले त्यांना एवढंच म्हणणं आहे की आधी थकबाकी अन् नेट मीटरचं पाहा, पंखे बदला, आणि पाच वर्षं धुण्या-दुरुस्तीचे पैसे त्याच खर्चात धरा. बसवणाऱ्याचा नंबर इन्व्हर्टरवर मोठ्या अक्षरात लिहा, आमच्या इथं तो हेडमास्तरांच्या मोबाइलमध्ये होता आणि त्यांची बदली झाली.

सध्या आम्ही पालकांनी वर्गणी करून थकबाकी भरली आहे, लाइन जोडली गेली. नेट मीटरचा अर्ज पुन्हा टाकला. पोरगी रोज इन्व्हर्टरवरचे युनिट पाहून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिते, काल 9 आले, पॅनल पुसायचे राहिले आहेत.

आपला,
एक पालक, नागपूर