बाप्तिस्मा सापडला नाही म्हणून शोध सोडू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत स्कॉटलंडमधले पूर्वज शोधण्याबद्दल लेख आला होता. लेख चांगलाच होता, पण त्यात म्हटलंय की चर्चच्या जुन्या रजिस्टरमध्ये बाप्तिस्म्याची नोंद मिळाली नाही तर घराण्याचा माग तिथेच संपतो. हे वाचून राहवलं नाही, कारण असंच समजून आम्ही दोन वर्षं हात टेकून बसलो होतो.

माझं सासर स्कॉटलंडमधल्या फाइफ परगण्यातलं. सासूबाईंना त्यांच्या आजीची पणजी कोण, कुठली, हे जाणून घ्यायची फार इच्छा होती. तिकडे सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली, त्याच्या आधीचं जे काही आहे ते चर्चकडचं, म्हणजे पॅरिशची (एका चर्चच्या हद्दीतल्या गावभागाची) जुनी रजिस्टरं, सगळ्यात जुनं पर्थशायरमधल्या एरलचं, १५५३ चं. आणि १८५५ या पहिल्या वर्षाचे दाखले इतके तपशीलवार आहेत की पुढच्याच वर्षी त्यातले बरेच रकाने काढून टाकले, लिहिणाऱ्यांना झेपेना. सासूबाईंच्या आजीची ही पणजी नेमकी त्याच वर्षी वारली, त्यामुळे तिचा जन्म कुठल्या पॅरिशमधला ते कळलं, आईचं नाव माहेरच्या आडनावासकट मिळालं (स्कॉटलंडच्या कागदांत बायकांचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही, याबद्दल मला त्या लोकांचं मनापासून कौतुक वाटतं). वडिलांचा रकाना मात्र कोरा.

वयावरून जन्म साधारण १७८८ चा. रजिस्टरमध्ये काही नाही. स्कॉटलंड्स पीपल या सरकारी वेबसाइटवर आडनावाची स्पेलिंगं बदलून बदलून शोधलं, कारण नोंद लिहिणारा क्लार्क, बहुतेक वेळा गावचा शाळामास्तरच, कानाला ऐकू येईल तसं लिहायचा. तरी नाही. मग कोणीतरी सांगितलं की १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर ३ पेन्स कर होता आणि गरीब लोक नोंदच करायचे नाहीत, शिवाय १७३३ पासून मूळ चर्चमधून फुटून निघालेल्या पंथांची पुस्तकं वेगळी. दोन्ही कारणं खरी आहेत म्हणून आम्हाला पटली आणि आम्ही थांबलो, हीच चूक झाली.

लेखात ज्याचा उल्लेखच नाही ते म्हणजे कर्क सेशनची मिनिटं, म्हणजे बैठकांची लेखी इतिवृत्तं. कर्क सेशन म्हणजे पॅरिशचा मिनिस्टर (धर्मगुरू) आणि एल्डर (चर्चचे वडीलधारे पंच) मंडळी यांची बैठक, गावाच्या नीतिमत्तेवर नजर ठेवणारी आणि गरिबांचा फंड सांभाळणारी. लग्नाआधी मूल झालं, रविवारी काम केलं, कोणी शिवीगाळ केली, सगळं तिथे चौकशीला यायचं. रॉबर्ट बर्न्ससारख्या कवीलासुद्धा १७८६ मध्ये मॉकलिनच्या चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून बोलणी खावी लागली होती. ही मिनिटं २०२१ पासून त्याच वेबसाइटवर आहेत आणि पानं बघायला पैसे पडत नाहीत. फक्त त्यांना नावांचा इंडेक्स नाही, त्यामुळे एकेक पान स्वतः वाचावं लागतं, आणि माझं म्हणणं असं की इंडेक्स नाही म्हणूनच लोक तिकडे फिरकत नाहीत.

आम्ही त्या पॅरिशचं १७८७ पासून वाचायला घेतलं. तपकिरी शाई, मागच्या पानाची अक्षरं पुढे उमटलेली, एका संध्याकाळी जेमतेम दहा पानं व्हायची. अकराव्या दिवशी पणजीच्या आईचं ते नाव दिसलं. कुणाच्या तरी घरी कामाला असलेली मुलगी, लग्न झालेलं नाही, दिवस गेलेले, सेशनने बोलावून बाप कोण विचारलं. पहिल्या बैठकीत तिने सांगितलं नाही, दुसऱ्या बैठकीतही नाही, तिसऱ्या वेळी एका शेतगड्याचं नाव घेतलं. त्याने आधी नाकारलं, महिनाभराने कबूल केलं. दोघांना तीन रविवार सगळ्या मंडळीसमोर उभं केलं. आईबापांपैकी कोणी अशी शिक्षा भोगून पुरी करेपर्यंत मुलाचा बाप्तिस्मा अडवून ठेवायचे, आणि तिच्या बाळाचा, म्हणजे आमच्या पणजीचा, झाला तो थेट पुढच्या वर्षी, तोही मिनिटांतच एका ओळीत उरकलेला. रजिस्टरमध्ये तो चढलाच नव्हता.

मी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ती दोनदा गप्प राहिली तो भाग परत वाच.

मला या मिनिटांबद्दल राग येतो, अजूनही येतो. एका पोरीला भरल्या बैठकीत उभं करून हे सगळं विचारायचं, लिहून ठेवायचं. पण तिचं नाव, तिचं गप्प राहणं, ती कुणाकडे कामाला होती, हे दुसऱ्या कुठल्याच कागदावर नाही, म्हणून वाचा असंच सांगेन. आणि नुसती मिनिटं वाचून थांबू नका, सेशनचे हिशोबही बघा. मॉर्टक्लॉथ म्हणजे शवपेटीवर घालायचं काळं कापड, ते पॅरिशकडून भाड्याने मिळायचं, लहान मुलांसाठी वेगळं छोटं असायचं, आणि कित्येक ठिकाणी माणूस मेल्याची एकमेव खूण म्हणजे त्या भाड्याची जमा. कामाला असलेल्या त्या मुलीला, म्हणजे पणजीच्या आईला, तोवर म्हातारी झालेल्या बाईला, गरिबांच्या फंडातून पीठ आणि एकदा बूट दिल्याचे आकडे आहेत, आणि १८३१ मध्ये तिच्या नावापुढे कापडाचं भाडं माफ, एवढंच.

तिच्या नावाचा दगड त्या चर्चच्या आवारात नसणार, भाडं माफ झालेल्यांना दगड कुठला. तरी मे महिन्यात सासूबाईंना घेऊन तिकडे जाणार आहोत.

तुमच्या पुढच्या अंकात कर्क सेशनबद्दल दोन ओळी तरी छापा ही विनंती.

आपली,
फाइफची एक मराठी सून