‘का झालं नाही?’ऐवजी ‘कुठं अडलं?’ विचारा

मा. संपादक महोदय,
स. न.

कामातली चालढकल कशी घालवावी, यावरचे लेख वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून वाचायला मिळतात. पहाटे उठा, कामांची यादी करा, मोबाइल लांब ठेवा. सल्ले चुकीचे नाहीत. पण काम लांबवणारा माणूस आळशीच असणार, हे त्यांत आधीच ठरलेले असते. मी एकवीस वर्षे वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या फॅब्रिकेशन युनिटचे हिशेब सांभाळते. कळव्याहून सकाळची गाडी, ठाण्याला उतरून शेअर रिक्षाची रांग, साडेनऊला टेबलावर. यात माझा कधी खाडा नसतो. आणि तरीही एक काम मी सात महिने टाळले.

स्टीलच्या खरेदीचे बिल होते, ३ लाख ४० हजारांचे. त्यावरचा १८ टक्के जीएसटी ६१,२०० रुपये. हा कर आम्हाला आमच्या देण्यातून वजा करून मिळतो, पण पुरवठादाराने ते बिल आमच्या नंबरावर दाखवले तरच. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीच्या पोर्टलवर टू-बी, म्हणजे पुरवठादारांनी आमच्या नंबरावर दाखवलेल्या बिलांची यादी तयार होते, त्यात हे बिल येतच नव्हते. कारण मला पहिल्याच महिन्यात कळले होते. त्या पार्टीला आमचा जीएसटी नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर मीच पाठवला होता आणि त्यात एक अक्षर चुकले होते. नंबर पोर्टलने घेतला नाही, म्हणून त्यांच्या माणसाने ते बिल नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकांत टाकून दिले.

दुरुस्तीसाठी फक्त एक फोन करायचा होता. पण फोन करायचा म्हणजे ‘चूक माझी’ हे आधी म्हणायला हवे. मी मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी लावली, ‘स्टील बिल – फोन’. त्या सात महिन्यांत मी रिकामी बसले नाही. जुन्या फायलींना नवी लेबले लावली, व्हाउचर क्रमाने लावले, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचे बॅकअप दोनदा घेतले. चिठ्ठीचा गोंद सुकून ती खाली पडली, तेव्हा मी ती सेलोटेपने परत चिकटवली. फोन केला नाही. साहेब केबिनमधून सगळ्यांसमोर विचारायचे, “मॅडम, ते झालं का?” मी म्हणायचे, “करतेय, साहेब.” प्रत्येक वेळी ‘करतेय’ म्हटले की तो फोन आणखी जड व्हायचा, आता चुकीसोबत उशीरही कबूल करावा लागणार होता.

आदल्या आर्थिक वर्षाच्या बिलाचे क्रेडिट, म्हणजे ही करवजावट घ्यायला उशिरात उशिरा ३० नोव्हेंबरपर्यंत मुदत असते. ती तारीख उलटली. ६१,२०० रुपये गेले ते गेलेच. आठ माणसांच्या युनिटला ही रक्कम लहान नाही.

मी स्वतः जाऊन साहेबांना सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “फोन करायला अडलं कुठं होतं?” एकवीस वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदा कुणी विचारला. मी खरे ते सांगितले.

त्यानंतर आमच्याकडे एक रीत पडली आहे. १५ तारखेला सकाळी दहा वाजता साहेब आणि मी शेजारी शेजारी खुर्च्या टाकून टू-बी उघडतो. न जुळलेली बिले वहीत पेन्सिलने लिहितो, आणि त्यातला सर्वांत नकोसा फोन कुठला ते मी सांगते. तो फोन तिथेच, साहेबांसमोर होतो. बाकीचे मग दुपारपर्यंत आपोआप उरकतात. पंधरा मिनिटांच्या वर हे कधी चालत नाही. मार्चअखेरीला अजूनही माझी धांदल उडते, पण लपवून ठेवलेले असे काही नसते.

माझी मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने मला कॅनडाच्या कार्लटन विद्यापीठातला एक अभ्यास वाचून दाखवला, २०१० साली प्रसिद्ध झालेला. पहिल्या परीक्षेच्या वेळी चालढकल केल्याबद्दल ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःला माफ केले, त्यांनी पुढच्या परीक्षेला कमी चालढकल केली. मला वाटायचे, स्वतःला जितके बोल लावू तितके सुधारू. त्या सात महिन्यांत मी रोज रात्री स्वतःला बोलच लावत होते. त्याने काय झाले ते वर लिहिलेच आहे.

आमच्याकडे दिव्याहून एक मुलगा येतो, नुकताच बी.कॉम. झालेला. टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून घेतलेला कर, साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे भरायचा असतो, उशीर झाला की महिन्याला दीड टक्का व्याज. त्याचे चलन दोनदा राहिले. मी आधी चिडले, मग त्याला बाजूला घेऊन विचारले, “कुठं अडतंय रे?” तो खाली बघत म्हणाला, “ओटीपी साहेबांच्या मोबाइलवर येतो. ते मीटिंगमध्ये असले की मागायची भीती वाटते.” चलन भरायची त्याची पूर्ण तयारी होती, तो फक्त केबिनच्या दाराशी अडला होता. आता दर महिन्याच्या ५ तारखेला, चहाच्या वेळी साहेब स्वतः मोबाइल घेऊन त्याच्या टेबलाशी येतात.

ठाण्या-नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात आमच्यासारखी पुष्कळ छोटी युनिटे आहेत. तिथे हिशेबाला एखाददुसरेच माणूस असते आणि आपली चूक बोलून दाखवायला त्याला शेजारी कुणी नसते. आपल्या पुरवणीत वेळेच्या नियोजनावर लेख जरूर यावेत. पण एखादा लेख मालकांसाठी आणि साहेबांसाठीही छापावा, राहून गेलेल्या कामाबद्दल हाताखालच्या माणसाशी बोलायचे कसे यावर, ही कळकळीची विनंती.

आपली नियमित वाचक,
एक अकाउंटंट, कळवा (ठाणे)