कातडं उजेडात, तार रात्री

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

कॉलेजातल्या मुलामुलींनीच मिळून शनिवार-रविवार लोकसंगीत आणि लोकनृत्याचा महोत्सव घ्यायचं ठरवलंत आणि पथकं, मैदान, परवानग्या हे सगळं तुझ्याकडे आलं, हे कळून आम्हा दोघांनाही फार आनंद झाला. तू पाठवलेला कार्यक्रमाचा कागद बारकाईने वाचला. वीस आयटम, प्रत्येकाला सात मिनिटं. हा गॅदरिंगचा कागद आहे, तो बाजूला ठेव. लोककलेचा वेळ आणि क्रम वाद्यं ठरवतात, ती वाजवणारी माणसं ठरवतात. आपण त्यांच्या सोयीने मैदान मांडायचं. वीस पथकांपेक्षा दोन दिवसांत सहा बोलवा आणि प्रत्येकाला पाऊण तास ते तीन तास द्या.

आधी तारीख. डिसेंबरात बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन असतं. सुवर्णसौधाच्या बंदोबस्तात पोलीस अडकलेले असतात, लॉज भरलेले असतात आणि परवानगीचा कागद टेबलावरून हलत नाही. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला सौंदत्तीला यल्लम्माची जत्रा असते, त्यामुळे देवीला वाहिलेल्या जोगती आणि त्यांच्या साथीचे चौंडकीवाले डोंगरावर असतात. पौर्णिमेच्या आगेमागे चार दिवस त्यांना विचारूसुद्धा नये. खानापूरकडची भजनी मंडळी नोव्हेंबरात भाताच्या सुगीत असतात. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या कितीतरी वादकांची घरं कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीवर असतात, त्यांना शनिवारी सकाळी दहाला या म्हणणं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणं. त्यांना रविवार द्या. एवढं सगळं वगळलं की जानेवारीचा दुसरा पंधरवडा उरतो. तेव्हाही पंचांगात पौर्णिमा बघ, आणि २६ जानेवारीच्या आधी मैदानावर संचलनाचा सराव असतो का ते कॉलेजात विचार.

आता माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं. जानेवारीत आपल्याकडे सूर्य मावळला की दव उतरायला लागतं. कातडं ओल धरतं, सैल पडतं, आवाज बसतो. म्हणून हलगी, करडी मजलू, धनगरी ढोल ही कातडी वाद्यांची पथकं दुपारी चार ते साडेसहात घ्या आणि गाण्याचे प्रकार त्यानंतर. चौंडकं म्हणजे काखेत धरायचं एकतारी वाद्य, त्यालाही कातडं असतंच, पण तारेचा ताण गाणाऱ्याच्या मुठीत असतो. सूर उतरला तर मूठ आवळून तो सावरून घेतो. हलगीवाल्याला ती सोय नाही, त्याला हलगी शेकावीच लागते. त्यासाठी मैदानाच्या वाऱ्याआडच्या कोपऱ्यात एक घमेलं, कोरडं गवत किंवा पाचट, शेजारी पाण्याचा ड्रम आणि वाळूच्या दोन बादल्या ठेवा. शेकताना हलगी जाळावर वीतभर उंच धरून फिरवत राहतात आणि मधूनमधून बोटाने टिचकी मारून बघतात. आवाज भदभद येत असतो तो हळूहळू टणक होतो, आणि टिचकीसरशी खणकन् वाजला की हलगी लगेच बाजूला घेतात. त्यापुढे चार-पाच सेकंद जरी जास्त राहिली तरी कातडं कडेला फाटतं, आणि फाटलेली हलगी त्या दिवशी दुरुस्त होत नाही. म्हणून शेकण्याचं काम तुमच्या मुलांनी हौसेने हातात घेऊ नये. शेकलेली हलगी दवात फार वेळ टिकत नाही. आता पाहुण्यांच्या भाषणांचा हिशेब कर. सहा पाहुणे, प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे तास गेला. तेवढ्या वेळात हलगी पुन्हा थंड, वादक फेटे बांधून उभेच्या उभे, आणि मग प्रेक्षक म्हणतात की पथकात दम नव्हता. सत्कार पहिल्या पथकानंतर घ्या, सगळे मिळून पंधरा मिनिटं. प्राचार्यांना हे आधीच नम्रपणे सांगून ठेव, ते ऐकतील.

नाचाला स्टेज नको. धनगरी गजनृत्य रिंगणात होतं, रुमाल हातात घेऊन माणसं एकदम वळतात, खाली वाकतात, आणि ढोलवाला रिंगणाच्या आत फिरत असतो. चाळीस फूट व्यासाचं रिंगण चुन्याने आखा. मधोमध खुंटी ठोकून वीस फुटांची दोरी फिरवली की झालं, पण नंतर खुंटी आठवणीने काढा. लेझीमला ओळी लागतात आणि दोघांत चार फूट अंतर, नाहीतर साखळी शेजारच्याच्या कोपराला लागते. पोरं अनवाणी नाचतात, म्हणून आदल्या दिवशी दहा जणांनी ओळीने चालत खडे, काचा, खिळे वेचायचे. आपल्याकडची तांबडी माती उडून घशात जाते, तेव्हा सकाळी एकदा आणि कार्यक्रमाच्या दोन तास आधी एकदा पाणी मारा. ऐन वेळी मारलंत तर चिखल होतो आणि पाय घसरतो. गाणाऱ्यांसाठी मात्र बाजूला चोवीस बाय सोळाचं, दोन फूट उंचीचं स्टेज करा. त्याहून उंच नको, कारण गाणाऱ्याला समोरच्याची मान डोलताना दिसली पाहिजे. लोक तिन्ही बाजूंनी बसतील, पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या.

साउंडवाला बहुतेक डीजेचा सराव असलेला मिळेल. तो सवयीने बेस वाढवतो, आणि ढोलाचा नुसता धबधबा होऊन शब्द बुडतात. त्याला बेस उतरवायला लाव आणि रिंगणातल्या ढोल-हलगीला माईक अजिबात देऊ नकोस. चारशे-पाचशे माणसांना त्यांचा आवाज असाच पुरतो. माईक लागतात ते गाण्याला: मुख्य गाणाऱ्याला एक, मागे साथ धरणाऱ्या झीलकऱ्यांना मिळून दोन, चौंडक्याला एक. चौंडकं काखेत धरलेलं असतं, त्याचा आवाज भांड्याच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतो, म्हणून माईक त्या तोंडाकडे वीतभर अंतरावर वळवलेला हवा. तारेसमोर ठेवला तर नुसती टिकटिक ऐकू येते. गाणारी बाई एका जागी उभी राहत नाही, तिला स्टँडला बांधू नकोस. कर्ण्यासमोर गेली की शिट्टी वाजते, तेव्हा कर्णे स्टेजच्या पुढच्या कडेपेक्षा चार फूट पुढे लावायचे. साउंड तपासताना एकेकाचा 'हॅलो हॅलो' काही कामाचा नाही, पूर्ण पथकाचं एक गाणं ऐका.

विजेचा हिशेब असा: साउंड पाच किलोवॅट, दिवे पाच, स्टॉल तीन, म्हणजे तेरा. ०.८ ने, म्हणजे पॉवर फॅक्टरने, भागलं की सव्वासोळा केव्हीए होतात. हेस्कॉम या वीज कंपनीची तात्पुरती जोडणी घेतलीत तरी पंचवीस केव्हीएचा जनरेटर उभा असू दे, काठोकाठ घेतला तर ढोलाच्या दणक्यालाच दिवे मिणमिणतात. चहावाल्याची इलेक्ट्रिक शेगडी साउंडच्या लाइनवर कधीही लावू देऊ नका.

परवानगीचं नीट समजून घे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री दहा ते सकाळी सहा तो बंद ठेवावा लागतो. पुष्कळ मुलांना वाटतं की माईक बंद केला की झालं, मग ढोल चालेल. तसं नाही. दहानंतर उघड्यावर वाद्यंही बंद. शिवाय दवाखाना, कोर्ट आणि शिक्षणसंस्थेभोवती किमान शंभर मीटर शांतता क्षेत्र सरकार जाहीर करू शकतं, आणि तसं जाहीर असेल तर तिथे ढोल बडवणंही त्या नियमांत बसत नाही. म्हणजे कॉलेजचं स्वतःचं अंगणच अडचणीची जागा ठरू शकतं. रविवार असला तरी पोलीस ठाण्यात स्पष्ट विचारून घ्या, नाहीतर थोडं लांबचं मैदान बघा. अर्ज किमान वीस दिवस आधी द्या, कन्नडमध्ये लिहा, सोबत मैदानाचा नकाशा आणि प्राचार्यांची सही. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलायचं नाही.

दहाच्या मर्यादेमुळे कृष्णपारिजातचं काय करायचं, असं तू विचारलंस. कुलगोडच्या तम्मण्णांचं हे पारिजात, म्हणजे कन्नड लोकनाट्य, मुळात रात्रभर चालणारं. ते वीस मिनिटांत आवळू नका. रविवारी संध्याकाळी साडेसहाला सुरू करा, साडेनऊपर्यंत तीन तास द्या आणि कुठले प्रसंग घ्यायचे ते भागवताला, म्हणजे सूत्रधाराला, ठरवू द्या. गीगी पदं या कन्नड लोकगाण्यांचंही तेच. हरदेशी आणि नागेशी अशा दोन बाजू असतात, एक पुरुष मोठा म्हणते, दुसरी स्त्री. आपल्याकडच्या कलगी-तुऱ्यासारखाच सवाल-जवाब. एकच मेळ बोलावलात तर प्रश्न टाकला जातो आणि उत्तर द्यायला कोणी नसतं. दोन्ही मेळ आणि दीड तास, हे जमत नसेल तर गीगी पद यंदा ठेवूच नका.

गाणी कन्नड आणि मराठी दोन्ही असणार, आपल्या भागात दोन्ही कानांवरून गेलेली असतात. निवेदकांची जोडी ठेवा, एक मराठी बोलणारा, एक कन्नड. प्रत्येक गाण्याआधी दोन वाक्यं पुरेत. गाणं मध्येच थांबवून अर्थ सांगायचा नाही. पथकाचं नाव, गावाचं नाव आणि प्रत्येक कलाकाराचं नाव बरोबर उच्चारलं गेलं पाहिजे, ते आदल्या दिवशी फोनवर त्यांच्याकडूनच लिहून घ्या.

जोगतींच्या बाबतीत विशेष जपून. मंजम्मा जोगतींना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षही होत्या, तरी मैदानावर येणाऱ्या जोगतींची चेष्टा करणारी चार टाळकी सापडतातच. त्यांना कपडे बदलायला वेगळी बंद खोली आणि शेजारीच स्वच्छतागृह द्या. डोक्यावरचा जग, म्हणजे देवीची मूर्ती बसवलेली टोपली, उतरवला की तो ठेवायला धुतलेला पाट आणि कोरं वस्त्र आधीच मांडून ठेवा, चपलांच्या वाटेवर नको. जग डोक्यावर घेऊन नाचणं म्हणजे सर्कशीतला खेळ नव्हे, तेव्हा 'अजून एकदा, हात सोडून' असं कोणी ओरडलं तर स्वयंसेवकांनी तिथेच थांबवायचं. आणि निवेदनात देवाला मुली सोडण्याच्या चालीचं गोड वर्णन अजिबात नको. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने ती चाल गुन्हा ठरली आहे, आणि तिचे चटके सोसलेल्या बायका तुमच्यासमोर गात असतील.

पैशाबद्दल माझं मत पक्कं आहे: जमलेल्या रकमेतला निम्मा भाग कलाकारांना. मांडव थोडा साधा चालेल. सुपारी देतानाच मानधन, प्रवास, जेवण, माणसं किती हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. मानधन कार्यक्रम उतरल्यावर तासाभरात, पथकातल्या सगळ्यांसमोर द्या. 'चेक पाठवतो' हे वाक्य कोणाच्या तोंडून येऊ देऊ नका. कर्नाटकात २०२३ पासून बायकांना साध्या बसला तिकीट नाही म्हणून प्रवासखर्च कापायची कल्पना कोणीतरी काढेल. चौंडकं, पेटी, जग घेऊन गर्दीच्या बसमध्ये चढता येत नाही, आणि रात्री दहाला खेड्याकडे जाणारी बस कुठली? क्रूझर नाहीतर टेम्पो ठरवा, आणि परतीचा आधी ठरवा.

जेवणाला साठ कलाकार आणि चाळीस स्वयंसेवक धरलेत, म्हणजे शंभर. माणशी दोन भाकरी धरल्या तर वीस किलो ज्वारीचं पीठ, आठ किलो तांदूळ, चार किलो तूरडाळ. सोबत झुणका, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी, ताक. नाचणाऱ्यांना आणि ढोलवाल्यांना जेवण दोन तास आधी किंवा मग कार्यक्रमानंतरच, भरल्या पोटी ढोल घेऊन उड्या मारल्या की पोटात कळ येते. गाणाऱ्यांना फ्रीजचं पाणी नको, कोमट द्या. प्रेक्षकांसह पाचशे माणसांना दिवसाला वीस लिटरचे पंचवीस जार लागतील.

चित्रीकरणाआधी प्रत्येक पथकाला विचारा. काही पदं देवीपुढेच म्हणायची असतात, ती कॅमेऱ्यासमोर नको म्हणाले तर आग्रह धरू नका. केलेलं चित्रीकरण पेनड्राइव्हवर घालून पथकालाही द्या. रीलसाठी कापताना पदाचं शेवटचं कडवं उडवू नका, रचणाऱ्याचं नाव बहुतेक त्यातच असतं.

तुमच्या स्वतःच्या नाचांबद्दल: दोन पुरेत, आणि ते पथकांच्या आधी. सिनेमातल्या लावणीवर नाच नको, त्यापेक्षा शनिवारी सकाळी लेझीमची शिकवणी ठेवून त्याच मुलामुलींना संध्याकाळी रिंगणात उतरवा. एका शिकवणाऱ्यामागे वीस जण, दीड तास. तासाभरात तळहाताला फोड येतात, पट्ट्या जवळ ठेव.

प्रत्येक पथकामागे दोन स्वयंसेवक लाव, त्यातला एक तरी कन्नड चांगलं बोलणारा असू दे. पथक गाडीतून उतरल्यापासून परत गाडीत बसेपर्यंत त्यांनी सोबत सोडायची नाही.

मैदान नक्की झालं की लांबी-रुंदी आणि झाडं, खांब कुठे आहेत ते कळव. रिंगण, स्टेज आणि शेकायचा कोपरा कागदावर आखून बाबा पाठवतील. वारा संध्याकाळी कुठल्या बाजूने येतो तेही तिथे उभी राहून बघ आणि लिही.

तुझी,
आई