अणुभट्टीची समीकरणे वर्गात सोडवून घ्या

महोदय,

गुजरातेतील काकरापारच्या ७०० मेगावॉटच्या स्वदेशी अणुभट्ट्यांबद्दल आपण अभिमानाने वाचतो, आणि अशा भट्ट्यांना न्यूट्रॉनांचा वेग कमी करण्यासाठी लागणाऱ्या जड पाण्याचा (जड हायड्रोजन असलेल्या पाण्याचा) कारखाना आमच्या बडोद्यात १९७७ मध्येच सुरू झाला होता. मात्र या भट्ट्यांचे वर्तन ज्या गणिताने आधी पडताळले जाते, ते अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवले जात नाही, ही माझी जुनी खंत आहे.

अनेक वर्षे मी संख्यात्मक पद्धती, म्हणजे काळाची छोटी छोटी पावले टाकत समीकरणांची अंदाजे उत्तरे काढण्याच्या रीती, शिकवल्या. परीक्षेत त्यांपैकी ऑयलर आणि रुंगे-कुट्टा यांची सूत्रे विचारली जातात, उदाहरणे साधी असतात आणि उत्तर नेहमी बरोबर येते. एकदा मी भट्टीची समीकरणे फळ्यावर मांडली. युरेनियम-२३५ च्या विखंडनातले (अणुकेंद्र फुटण्यातले) सुमारे ०.६५ टक्के न्यूट्रॉन विलंबाने येतात, त्यांच्या सर्वांत सावकाश गटाचा अर्धायुकाल, म्हणजे तो निम्मा होण्याचा काळ, ५५ सेकंदांच्या आसपास असतो. उलट तात्काळ न्यूट्रॉनांची एक पिढी मी सेकंदाच्या दहाहजाराव्या भागाची धरली होती. रिॲक्टिव्हिटी, म्हणजे साखळी-क्रिया वाढते की घटते हे दाखवणारा आकडा, ०.००१ ने वाढवून एका विद्यार्थिनीने ऑयलरच्या पद्धतीने ०.१ सेकंदाचे पाऊल टाकले. शक्ती १ वरून २ झाली आणि दुसऱ्याच पावलाला उणे २.५! तिने आकडेमोड दोनदा तपासली; चूक तिची नव्हती, पद्धतीची होती. तेच पाऊल मागच्या ऑयलर पद्धतीने, म्हणजे पुढच्या क्षणाचे मूल्य समीकरणातच अज्ञात ठेवून, टाकल्यावर उत्तर १.१५ आले, आणि शक्ती लगेच जिथे स्थिरावू पाहते त्या १.१८ च्या ते जवळ होते.

खरी भट्टी याहून अवघड असते. शक्ती वाढली की इंधन तापते, तापलेल्या इंधनामुळे रिॲक्टिव्हिटी बदलते आणि तिचा पुन्हा शक्तीशी गुणाकार होतो, त्यामुळे समीकरणे अरेषीय होतात आणि प्रत्येक पावलाला न्यूटनची पद्धत, म्हणजे अंदाज सुधारत उत्तराकडे जाण्याची रीत, चालवावी लागते. शिवाय विखंडनातून तयार होणाऱ्या आणि न्यूट्रॉन गिळणाऱ्या झेनॉन-१३५ चा परिणाम तासांच्या मापाने येतो, त्यामुळे सेकंदाच्या अंशापासून दिवसापर्यंतचे सारे काळ एकाच गणितात सांभाळावे लागतात. अतिजलद आणि अतिसावकाश बदल एकत्र असलेल्या अशा समीकरणांना स्टिफ म्हणतात, आणि ती ओळखता न येणारा अभियंता संगणकाने दिलेला कोणताही आकडा खरा मानण्याची भीती मला वाटते.

म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, या समीकरणांचे किमान एक प्रात्यक्षिक सक्तीचे करावे, आणि पाऊल निम्मे करून आलेले दुसरे उत्तरही विद्यार्थ्यांकडून पहिल्याशेजारी लिहून घ्यावे.

आपला,
एक निवृत्त गणित-प्राध्यापक, बडोदे