चलनाला दिसते ती गाडी चोरीला गेल्यावर का दिसत नाही, साहेब?

माननीय गृहमंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

साहेब, मी पूर्व उपनगरातल्या एका जुन्या म्हाडा वसाहतीत राहतो. आमच्याकडे पार्किंग म्हणजे रस्ता. बिल्डिंगा बांधल्या तेव्हा गाडी होती कोणाकडे, आता रात्री दहानंतर आलात की मैदानाच्या भिंतीला नाहीतर नाल्याच्या कडेला, मिळेल तिथे लावायची. तिथूनच आमची गाडी गेली, गेल्या पावसाळ्यात. सकाळी सहाला दूध आणायला खाली उतरलो तर गाडी नाही, सगळा रस्ता ओला आणि गाडीच्या जागी तेवढाच कोरडा चौकोन. पाऊस पाचच्या सुमारास थांबला होता, म्हणजे गाडी गेली त्यानंतरच, तासभर फार तर.

धावत पोलीस स्टेशनला गेलो. तिथे पहिला प्रश्न, हप्ते थकलेत का, बँकेने उचलली असेल. दुसरा, मित्रबित्र तर नाही ना घेऊन गेला. मग, आधी आजूबाजूला बघून घ्या, दुपारी या. एफआयआर हातात पडली संध्याकाळी साडेसातला. आता तुम्हीच सांगा, पहाटे मोकळ्या रस्त्याने मुलुंड किंवा ऐरोली नाका गाठायला किती वेळ लागतो?

माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबईतून गाडी बाहेर काढायचे मोठे रस्ते कितीसे आहेत? दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी, आणि आता अटल सेतू. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना अटल सेतू सोडून बाकी पाच नाक्यांवर टोल माफ झाला, चांगलंच झालं, पण चोरालाही आता तिथे थांबावं लागत नाही हेही खरं. मग तिथे नंबर वाचणारा कॅमेरा तरी जागा हवा ना. पोलीस ठाण्यात माणूस आला, आरसी दाखवली, की बाकी चौकशी नंतर, आधी नंबर सगळ्या नाक्यांवर जायला पाहिजे.

कॅमेरे नाहीत असं म्हणू नका, कारण आमच्या शेजारच्या दादाची बाईक गेली त्याला दीड महिन्याने विनाहेल्मेट चलन आलं, फोटोसकट! फोटोत चोर निवांत सिग्नलला उभा. म्हणजे यंत्रणेला नंबर दिसला, मालकाचा मोबाईल सापडला, दंडही लावता आला, फक्त ही गाडी चोरीची आहे हे तेवढं कळलं नाही. तक्रार एका कॉम्प्युटरमध्ये, चलन दुसऱ्या, आणि दोघांची ओळख नाही.

कायदाही तुमच्याच बाजूने आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार ऑनलाइन देता येते, तीन दिवसांत सही करायची, आणि हद्द कुठलीही असली तरी घ्यावी लागते. हे ठाण्यातल्या टेबलापर्यंत पोचवा.

आम्ही आमच्या परीने करतोच. स्टीअरिंग लॉक लावतो, गिअर लॉक बसवला, हजारभर रुपयांचा जीपीएस डॅशबोर्डच्या आत लपवला. खालच्या मजल्यावरच्या काकांची बटण स्टार्ट गाडी आहे, ते चावी रात्री बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतात, कारण दाराजवळ खिळ्याला टांगलेल्या चावीचा सिग्नल बाहेरून यंत्राने लांबवून गाडी उघडता येते, कुलूप न तोडता. आधी आम्ही हसलो, मग आमच्या घरच्या चाव्याही खिडकीजवळून हलल्या. नवीन नंबर प्लेट पावणेनऊशे रुपये भरून लावली तीही सुरक्षेसाठीच म्हणे.

आणि गाडी गेल्यावर जे होतं ते वेगळंच. इन्शुरन्सवाले दोन्ही चाव्या मागतात, शिवाय गाडी सापडत नाही असा कोर्टाचा ए समरी रिपोर्ट, आणि त्याच्यासाठी महिनोन्‌महिने चकरा, तोवर हप्ता कापला जातोच.

तर साहेब, नाक्यांचं बघा, आणि तक्रार व चलन एकमेकांना जोडा. आणि हो, शेजारच्या दादाचं ते विनाहेल्मेट चलन अजून पेंडिंगच दाखवतंय, जमलं तर तेवढं रद्द करायला सांगा.

आपला,
मैदानाच्या भिंतीला गाडी लावणारा एक मुंबईकर