रांजणगावच्या कागदावर सही करण्याआधी

दिघी, पुणे
रविवार, १४ जुलै २०२४

प्रिय मित्रा,

आषाढी तीन दिवसांवर आली. म्हणजे तू एसटीच्या पंढरपूरच्या जादा गाड्यांवर असणार आणि फोन उचलायला तुला सवड नसणार. तसंही हे फोनवर बोलता आलं नसतं. आमचं घर दोन खोल्यांचं, कुठल्याही कोपऱ्यात उभा राहिलो तरी ही आणि धाकटी ऐकतात. म्हणून पत्र लिहायला बसलो. किती वर्षांनी लिहितोय, हात दुखायला लागला तर अक्षर समजून घे.

गेल्या सोमवारी कंपनीनं आम्हा सहाही ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावलं. भोसरीच्या स्वतःच्या स्टाफ बस बंद करणार. ३१ ऑगस्टला शेवटची फेरी, दुसऱ्या दिवसापासून कॉन्ट्रॅक्टरच्या गाड्या. आमच्या गाड्या जुन्या झाल्यात, वर्कशॉपचा खर्च वाढलाय, हे मलाही दिसत होतं. तरी इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं. २००३ साली हजर झालो तेव्हा तूच मला तुझ्या सायकलवरून फलटणच्या स्टँडवर सोडलं होतंस. त्याला एकवीस वर्षं झाली.

दोन कागद पुढे ठेवले. एक व्हीआरएसचा, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. दुसरा रांजणगावच्या प्लँटमध्ये ड्रायव्हर म्हणून जाण्याचा. २७ जुलैपर्यंत कुठल्यातरी एकावर सही करायची. दोन्ही नको असतील तर कायद्याप्रमाणे जी भरपाई बसते तेवढीच मिळेल, असं सांगितलं.

आधी पैशांचं सांगतो, कारण तू तेच आधी विचारशील. व्हीआरएसला दर वर्षाच्या नोकरीमागे पंचेचाळीस दिवसांचा पगार देतायत. माझा सगळा मिळून पगार २६,००० धर, म्हणजे वर्षाला ३९,००० आणि एकवीस वर्षांचे ८ लाख १९ हजार. कायद्यानं नोकरकपात केली तर वर्षाला पंधराच दिवस, म्हणजे २ लाख ७३ हजार. तिप्पट दिसतं ना? एचआरच्या साहेबांनी जो कागद दाखवला त्यावर तर वीस लाखांच्या जवळचा आकडा होता. आमच्यातल्या दोघांचे डोळेच विस्फारले. मी कागद घरी आणला आणि रात्री धाकटीला घेऊन बसलो. तिनं बेरीज सोडवून दाखवली. त्यात माझा पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती. ग्रॅच्युइटी म्हणजे बेसिक १९,५०० ला सव्वीसनं भागायचं, पंधरानं गुणायचं, मग वर्षांनी गुणायचं. २ लाख ३६ हजार २५०. हे पैसे मी आज सोडलं तरी माझेच आणि नऊ वर्षांनी सोडलं तरी माझेच, उलट तेव्हा वाढलेले. माझ्याच घामाचे पैसे मला बक्षीस म्हणून दाखवले याचं मला फार वाईट वाटलं.

खरी देऊ केलेली रक्कम तेवढी आठ लाख एकोणीस हजार. त्यातही पाच लाखांपर्यंत कर नाही, वरच्यावर आहे. मी एकोणपन्नास पुरा केला. अठ्ठावन्नपर्यंत एकशे आठ महिने. वाटून बघितलं तर महिन्याला साडेसात हजार पडतात. घराचा हप्ताच नऊ हजार आठशे आहे आणि अजून सहा वर्षं आहे. धाकटीच्या नर्सिंगची तीन वर्षं बाकी. हिची शुगर तुला माहीत आहे. कंपनीचा मेडिक्लेम आहे तोवर तिच्या दवाखान्याची काळजी नाही, नोकरी गेली की तोही गेला. माझा पगार एकवीस हजारांच्या वर असल्यामुळे ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा दवाखाना आधीच सुटलाय. पेन्शनच्या खात्यात कंपनीच्या वाट्यातून महिन्याला १,२५० जातात, तेही थांबणार.

थोरला म्हणतो, पैसे घ्या, टॅक्सी काढू. त्याचा माझ्यावर जीव आहे, पण तो गाडीच्या काचेतून बघतोय, मी बॉनेट उघडून बघतो. आमच्यातला एक जण तीन वर्षांपूर्वी असाच पैसे घेऊन गेला, कर्ज काढून गाडी घेतली, ॲपला लावली. आता भेटला की सीएनजीच्या रांगेत भेटतो. चौदा तास गाडीत असतो आणि हप्त्याचा दिवस जवळ आला की फोन उचलत नाही. दुसरा रस्ता म्हणजे कॉन्ट्रॅक्टरकडे जायचं. तो आम्हाला घ्यायला तयार आहे. हीच लाइन, हीच माणसं, अठरा हजार. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, मन होत नाही.

आता रांजणगाव. तिथे बस नाही. तिथे सतरा फुटी ट्रक चालवायचा, मिल्क रनवर. म्हणजे रांजणगावातून निघायचं, चाकणच्या पाच-सहा व्हेंडरांकडून पार्ट उचलायचे, रिकाम्या ट्रॉल्या परत द्यायच्या आणि माल वेळेवर लाइनला लावायचा. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी, दहा ते सहा. ओव्हरटाइम आणि लाइन भत्ता जाऊन हातात साधारण दोन-सव्वादोन हजार कमी. आणि घरापासून एका बाजूला पन्नासच्या आसपास किलोमीटर. आळंदी, मरकळ, तुळापूर करत लोणीकंदला नगर रोडला लागायचं. वाघोलीची गर्दी तेवढी चुकते. फटफटीवर रोज दोन लिटर पेट्रोल, एकशे चार रुपयांच्या भावानं महिन्याला साडेपाच हजारांच्या घरात.

पैसे एक वेळ जमवता येतात. मला भीती झोपेची आहे. हे तुला सोडून कुणाला सांगितलेलं नाही, ते आज सांगतो.

डिसेंबर २०२२. सेकंड शिफ्टचा ड्रायव्हर तापानं आडवा होता. त्याची रात्रीची साडेअकराची फेरी मी मारली. घरी येऊन पडेपर्यंत दीड वाजला आणि पावणेपाचला माझी गाडी राजगुरुनगरला निघायची होती. जाताना काही वाटलं नाही. परत येताना चाकण सुटलं, गाडी भरलेली, थंडी, सगळ्या काचा लावलेल्या. तुला माहीत आहे पहाटेच्या गाडीत मागून कसा आवाज येतो. पन्नास माणसांच्या झोपेचा एक आवाज असतो. कुणाचं डोकं काचेला लागतं, कुणाचा डबा पायाशी खुळखुळतो. मला तो आवाज आवडतो. मी जागा आहे या भरवशावर ती माणसं झोपलेली असतात. चिंबळी फाट्याच्या अलीकडे डावं चाक साइडपट्टीवर उतरलं आणि त्या खडखडाटानं मला जाग आली. जाग आली म्हणतोय, म्हणजे मी झोपलो होतो. दोन सेकंद असतील, तीन असतील. पुढे शंभर फुटांवर उसाची ट्रॉली चालली होती, मागे रिफ्लेक्टर नाही, काही नाही. मी गाडी बाजूला घेतली, उतरलो, बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. पुढच्या सीटवरच्या पोरानं विचारलं, काका, काय झालं? म्हटलं, टायर बघतोय. टायरला हात लावून उभा राहिलो. पाय कापत होते.

सातच्या पाळीला सगळे वेळेवर कामाला लागले. त्या दिवसापासून मी रात्री साडेआठला अंथरुणावर असतो. लग्न असो, वरात असो. ही चिडते कधीकधी, पण तिला कारण माहीत नाही.

म्हणून रांजणगावचा कागद हातात घेतला की मला आधी पगार दिसत नाही, मला तो ट्रॉलीचा मागचा भाग दिसतो. रात्रभर चाकण-शिक्रापूर रस्त्यावर कंटेनरांमधून ट्रक काढायचा आणि सकाळी सहाला सुटून पुन्हा पन्नास किलोमीटर फटफटी. रात्रपाळीनंतरचा तो घरचा रस्ता नोकरीत धरला जात नाही, त्याचा पगार नाही, तो कुठल्या कागदावर नाही. पण माणूस जायचा तर तिथेच जातो.

हिला मी फक्त अंतर आणि पाळी सांगितली. ती बराच वेळ शिलाई मशीनवर तशीच बसून राहिली. मग म्हणाली, आठ लाख संपले तर मी शिवणकाम वाढवीन, पण पहाटेच्या अंधारात तुम्ही त्या रस्त्यानं येताय आणि मी दाराकडे बघत बसलेय, हे माझ्याच्यानं होणार नाही.

दोन रात्री मी व्हीआरएसचाच कागद वर ठेवला. मग गुरुवारी सुट्टी होती, म्हटलं एकदा जाऊन बघू. सकाळी निघालो, आधी महागणपतीचं दर्शन घेतलं आणि मग प्लँटच्या गेटवर गेलो. येताना कारेगावात थांबलो. तिथे गल्लोगल्ली कामगारांच्या खोल्या आहेत. एका खोलीत बीडची तीन पोरं राहतात, चौथी कॉट रिकामी. भाडं अडीच हजार, खाली खानावळ. म्हणजे महिन्याच्या पेट्रोलच्या अर्ध्या पैशांत राहण्याची सोय. प्लँट तिथून पायी वीस मिनिटं. खोलीला मागच्या बाजूनं खिडकी आहे, तिला पत्रा ठोकलाय, त्यामुळे दिवसा अंधार असतो. मी त्या रिकाम्या कॉटवर जरा टेकून बघितलं.

आणि तेव्हा मला तुझा मुक्काम आठवला. पाटणच्या खोऱ्यातल्या त्या वस्तीवर मी तुझ्याबरोबर एकदा आलो होतो बघ, थोरला तेव्हा लहान होता. शाळेसमोर गाडी लावली, समोरच्या घरातून भाकरी आणि घेवड्याची आमटी आली, तू दोन सीटच्या दांड्यांना मच्छरदाणी बांधलीस आणि पाठ टेकताच झोपलास. मी मात्र रात्रभर कूस बदलत होतो. सकाळी सहाला तू ताज्या चेहऱ्यानं गाडी काढलीस. मला तेव्हा वाटलं होतं, घरदार सोडून असं झोपणं म्हणजे हाल. आता वाटतं, मुक्कामाची गाडी मुक्कामी ठेवतात त्याला अर्थ आहे. ड्युटी संपल्यावर ड्रायव्हरला पुन्हा रस्त्यावर काढायचं नाही. शिवाय हा नगर रोडही तुम्हा एसटीवाल्यांचाच. १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला याच रस्त्यानं गेली, हे तूच मला किती वेळा ऐकवलं आहेस.

तेव्हा माझं मन आता रांजणगावकडे आहे. सहा दिवस मुक्काम, बुधवारी पाळी संपली की झोप काढून घरी, गुरुवार घरच्यांबरोबर. रात्रपाळीच्या दिवशी फटफटीला हात लावायचा नाही. हिला हे सांगितलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, डबा कोण देणार. म्हणजे तिचा विरोध मावळला असं मी समजतो.

एक गोष्ट मात्र अडली आहे. रांजणगावचा कागद नीट वाचला तर तो बदलीचा नाहीच. तो नव्या नेमणुकीचा आहे, तोही जोडकंपनीच्या नावानं, हजर झाल्याची तारीख १ सप्टेंबर २०२४. म्हणजे एकवीस वर्षं पुसली. पुढे चार वर्षांत तिथेही कपात झाली तर मी चार वर्षांचा जुना. युनियनच्या सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, सेवा सलग धरली जाईल आणि मूळ तारीख २००३ ची राहील, हे अक्षरात लिहून घ्या, तोंडी हो म्हटलेलं चालत नाही. व्हीआरएसचंही त्यांनी समजावलं. औद्योगिक विवाद कायद्यात कपात झालेल्या माणसाला पुढे भरती निघाली तर आधी बोलवावं लागतं, पण स्वतःहून अर्ज केला की ती कपातच राहत नाही आणि तो हक्कही राहत नाही. आमच्यातल्या दोघांनी सोमवारीच तिथल्या तिथे अर्ज भरून दिले होते. मी त्यांना धावत जाऊन हे सांगितलं. एकानं परत मागून घेतला, दुसरा म्हणाला, पोरीचं लग्न आहे, मला रोख हवी. त्याला मी काय बोलणार?

एचआरला मी अर्ज दिलाय. मूळ तारीख ठेवा आणि रात्रपाळीला जोडून डबल ड्युटी लावू नका, या दोनच मागण्या. पोच घेतली आहे. साहेब तारखेबद्दल बघतो म्हणाले, डबल ड्युटीबद्दल हसले. हसू देत. तारीख लिहून मिळाली नाही तर मी व्हीआरएसवर सही करणार, मग पुढचं पुढे. पण डबल ड्युटीला मी नाहीच म्हणणार, नोकरी कुठलीही असो.

तू सांग मला. तू २०२१-२२ च्या संपात पाच महिन्यांहून जास्त घरी होतास, पगार नाही, रानातली भाजी बाजारात नेऊन बसायचास. तेव्हा मी तुला विचारलं होतं, सोडून का देत नाहीस, आणि तू गप्प राहिला होतास. त्या गप्प राहण्यात काय होतं ते मला आता विचारायचं आहे. मी हे भीतीनं धरून बसतोय की मला खरंच हे काम हवंय, माझं मला कळेनासं झालंय. स्टेअरिंगवर बसलो की हवंसं वाटतं, कॅल्क्युलेटर घेऊन बसलो की भीती वाटते.

आणि दिवसा कसं झोपायचं ते सांग. तीन पोरं खोलीत येणार-जाणार, मोबाईल वाजणार, बाहेर पाण्याचा टँकर. तू डेपोच्या विश्रांतिगृहात भर दुपारी झोपायचास, जेवून झोपायचास की उपाशी? चहा किती वाजता बंद करायचास? मला हसू नकोस, मला हे खरंच शिकायचं आहे. अठ्ठावन्नपर्यंत माझ्या ट्रकपुढे जो कुणी रस्त्यावर असेल त्याचा माझ्यावर भरवसा आहे.

पौर्णिमेनंतर तुझ्या जादा गाड्या संपतील. २५ तारखेला गुरुवार आहे, मी सकाळच्या गाडीनं फलटणला येतो. दोन्ही कागद घेऊन येईन, तू स्वतः वाच. वहिनींना जेवणाचं जास्त काही करू नका म्हणावं, पिठलं-भाकरी केली तरी पोटभर जेवीन. काकूंना नमस्कार सांग, त्यांच्या गुडघ्याचं काय झालं तेही कळव.

तुझी ती मुक्कामाची मच्छरदाणी माळ्यावर असेल तर काढून उन्हात टाकून ठेव. कारेगावात डास फार आहेत.

तुझा,
बाळू