‘आवाज आहे, काकू’ : मागच्या चाकाची घरघर ऐकून घेणाऱ्या मिस्त्रींना आभाराचे पत्र

प्रिय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

वयाने तुम्ही माझ्या मुलापेक्षाही लहान आहात, तरी या पत्रात मी तुम्हाला ‘अहो’च म्हणणार आहे. तुमचे आणि दुकानाचे नाव मात्र लिहीत नाही, कारण “नाव नका टाकू काकू, आत्ताच गाड्या लावायला जागा नाही,” असे तुम्हीच बजावले आहे.

माझी इलेक्ट्रिक स्कूटर ही माझ्या पोटापाण्याची गाडी आहे. मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. सकाळी शाहूपुरी, दुपारी सदर बझार आणि संध्याकाळी गोडोली असा माझा साताऱ्यातला रोजचा फेरा असतो. या जुलैत आठवडाभर पावसाने उघडीप दिली नव्हती, तेव्हा मागच्या चाकातून पहिल्यांदा घरघर ऐकू आली. वीस-पंचवीसच्या वेगाला जात्यासारखी, त्यापुढे गेले की बारीक शिटीसारखी, डाव्या वळणावर वाढणारी आणि पोवई नाक्याच्या गर्दीत पार बुडून जाणारी. पेट्रोलच्या गाडीत हा आवाज इंजिनाखाली दडला असता. या गाडीत त्याला दडायला जागाच नव्हती.

तुमच्याकडे येण्याआधी मी कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्रात तीनदा जाऊन आले. पहिल्या वेळी “इलेक्ट्रिकला एवढा आवाज येतोच मॅडम” असे ऐकले. दुसऱ्या वेळी ब्रेकचे लायनर बदलून बिल हातात मिळाले आणि आवाज जसाच्या तसा घरी परत आला. तिसऱ्या वेळी गाडीला लॅपटॉप जोडून त्यांनी सॉफ्टवेअर अद्ययावत केले. चाक घरघरते म्हणून सॉफ्टवेअर बदलणे म्हणजे गुडघा दुखतो म्हणून रेशनकार्डावरचा पत्ता बदलण्यासारखे आहे, असे तेव्हा मनात आले होते, पण बोलले नाही. शेवटी “चाकातली मोटरच बदलावी लागेल” असे सांगून एक मोठा आकडा कागदावर लिहून दिला. त्या तिन्ही भेटींत गाडीवर बसून एकानेही रस्त्यावर चक्कर मारली नव्हती. मेन स्टँडवर, पंख्यांच्या आणि वॉशिंगच्या गोंगाटात चाक फिरवून “काही नाही” असा निकाल दिला होता.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात तो वॉरंटीचा. “चालू असेल तर मी मोटर उघडणार नाही, तुमचेच नुकसान होईल,” असे तुम्ही स्वतःहून सांगितले. तीन वर्षांची वॉरंटी मे महिन्यातच संपली होती. मग तुम्ही म्हणालात, “तुम्ही चालवा, मी मागे बसतो, चाकावर वजन आल्याशिवाय ते बोलणार नाही.” आणि पावसाच्या भुरभुरीत, माझ्यामागे बसून, मान चाकाच्या बाजूला झुकवून तुम्ही त्या चढाच्या रस्त्याने दोनदा आलात. परत आल्यावर शेजारच्या दुकानदाराला कॉम्प्रेसर पाच मिनिटे बंद ठेवायला सांगितले आणि गाडीची वीज पूर्ण तोडून चाक हाताने फिरवले. वीज नसतानाही आवाज येतो म्हणजे दोष मोटरला वीज सोडणाऱ्या कंट्रोलरचा नव्हे. चाक अडखळत, जड फिरत नाही म्हणजे मोटरच्या तारा आपसांत चिकटलेल्या नाहीत. ब्रेक सैल करूनही घरघर थांबत नाही म्हणजे बिचाऱ्या लायनरचाही गुन्हा नव्हता. एकेकाला निर्दोष सोडत तुम्ही पुढे सरकलात.

यानंतर जे घडले त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. तुम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक आसाच्या नटावर टेकवले, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. क्षणभराने म्हणालात, “आवाज आहे, काकू.” मग तो स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हाती देण्याआधी तुम्ही त्याची मूठ पुसली. शेजारी पडलेल्या फडक्याने नव्हे, कारण ते ग्रीसने काळे झाले होते. तुम्ही स्वतःच्या शर्टाची बाही त्यासाठी वापरली. “आता तुम्ही ऐका.” मी ऐकले. ओल्या वाळूवरून कोणी भांडे ओढावे तसा तो आवाज थेट कवटीत उतरला. महिनाभर मला चार शहाण्या माणसांनी ‘तुम्हाला भास होतो’ असे न म्हणता तेच सुचवले होते, आणि माझाही स्वतःच्या कानांवरचा विश्वास उडत चालला होता. तो तुम्ही एका पुसलेल्या मुठीसकट परत दिलात. मला तिथे रडू आले नाही. घरी येऊन चहा ठेवताना आले.

पुढचे काम मला फारसे कळले नाही आणि ते इथे सांगण्याचे कारणही नाही. या मोटरचा आस जागीच राहतो, तिचे कवच चाकासह दोन बेअरिंगांवर फिरते, आणि आसाच्या पोकळीतून ज्या तारा आत जातात त्यांच्याच वाटेने पाणी शिरते, एवढे तुम्ही समजावून सांगितले. तारेच्या बाजूचे बेअरिंग गंजून तपकिरी झाले होते. त्यावरचा ६२०४ हा आकडा दाखवून, शेवटच्या ०४ ला पाचने गुणले की आतल्या छिद्राचा व्यास मिळतो, वीस मिलिमीटर, हेही तुम्ही सांगितलेत. दोन्ही बेअरिंगे आणि मजुरी मिळून झालेला खर्च त्या विनाकारण बदललेल्या लायनरच्या बिलाहून थोडाच अधिक होता.

माझ्या व्यवसायातही हे रोज दिसते. क्ष-किरण चित्रात काही आढळले नाही की म्हाताऱ्या माणसाचे दुखणे खोटे ठरते, आणि मग ते माणूस दुखणे सांगायचेच सोडून देते. समोरच्याला आधी खरे मानायला ना शिक्षण लागते, ना यंत्र लागते. वेळ तेवढा लागतो, आणि बहुतेकांना तोच द्यायचा नसतो. तुम्ही दिलात, आणि माझ्यामागे तीन गाड्या थांबलेल्या असताना दिलात.

गाडी आता इतकी गप्प चालते की शाहूपुरीतल्या आजींना मी दाराशी आलेली कळत नाही.

एक गोष्ट राहिली. चाकापाशी उकिडवे बसून तुम्ही उठलात, तेव्हा तुमच्या उजव्या गुडघ्यातून एक आवाज आला. मी विचारले, तर “काही नाही काकू, येतोच तो,” असे म्हणालात. हे वाक्य मी यापूर्वी एका सेवा केंद्रात ऐकलेले आहे. रविवारी सकाळी दहा वाजता मी दुकानात येते. कॉम्प्रेसर बंद ठेवायला सांगा.

आपली,
मागच्या चाकाच्या घरघरीवाली काकू